अकरा जणांची गद्दारी

रहीमा, सौदी अरेबिया, शनिवार, २५ जानेवारी २०२५

शौकत चाचांना सलाम.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे, म्हणून हे पत्र. जुनैदभाई दर गुरुवारी दम्मामहून हुफूफला तुमच्याकडे येतो, त्याच्या हाती देते आहे. तो म्हणाला, "बापाने फोन बंद केला आणि मुलाला पोस्टमन केला. मला पेन्शन कोण देणार?" पाकीट फोडू नकोस असं सांगितलं, तर म्हणाला, "तुझं पत्र वाचायचं तर आधी मला वकील लावावा लागेल."

मी माफी मागायला लिहीत नाही. एका वाक्याबद्दल लिहिते आहे.

१० जानेवारीला, दम्माममधल्या आपल्या गावाच्या रूमवर, मी, शबनम आणि आणखी नऊ जण दाराशी उभे होतो. कातळखोल जमातीच्या सौदी शाखेतून आम्ही बाहेर पडतो आहोत, वेगळी शाखा काढतो आहोत, एवढं मी सांगितलं. खोलीत चौतीस माणसं होती आणि सदराच्या खुर्चीत तुम्ही. तुम्ही म्हणालात, "अमेरिकेत हे केलं असतंस ना, तर गद्दार म्हणून फासावर लटकवलं असतं."

रागावणं तुमचा हक्क होता. पण ते वाक्य चूक आहे, आणि ते चूक आहे हे मी तुमच्याकडूनच शिकले आहे.

अब्बा गेले तेव्हा मी नववीत होते. तुम्ही दोन महिन्यांच्या सुटीवर आलात आणि तुमच्या बॅगेत, अमेरिकन इंजिनियरांच्या कॅम्पच्या लायब्ररीने रद्दीत काढलेलं, त्यांच्या राज्यघटनेवरचं ते जाडजूड पुस्तक होतं. रोज एक पान डिक्शनरी घेऊन वाचायचं आणि काय कळलं ते मराठीत लिहायचं. तुम्ही परत गेल्यावर मी ती पानं टपालाने पाठवायचे आणि ती समासात लाल पेन्सिलीने "पुरावा?" असं लिहून परत यायची. रडत बसायला मला त्या वर्षी वेळच मिळाला नाही. आज मी पाइपांच्या भिंतींची जाडी मोजून नोकरी करते. मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही सवय कॉलेजात लागलेली नाही.

म्हणून तपासलं. त्यांच्या घटनेत गद्दारीची व्याख्या एका वाक्याची आहे: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं. शिक्षा करायची तर एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात, नाहीतर आरोपीने खुल्या न्यायालयात कबुली द्यावी लागते. इंग्लंडचे राजे नको त्या माणसाला गद्दार ठरवून मोकळे व्हायचे, म्हणून घटना लिहिणाऱ्यांनी मुद्दाम व्याख्या इतकी अरुंद ठेवली. 'वेगळं होणं' हे शब्द त्यात नाहीत.

१८६१ च्या सुमारास त्यांच्या दक्षिणेची अकरा राज्यं देशातून वेगळी झाली आणि यादवी युद्ध पेटलं. आम्हीही अकराच आहोत, तो योगायोग. त्यांच्या अध्यक्षाला, जेफर्सन डेव्हिसला, दोन वर्षं किल्ल्यात डांबलं, त्याच्यावर गद्दारीचा आरोप ठेवला आणि खटला कधी उभाच राहिला नाही. सरकारलाच भीती होती की व्हर्जिनियाच्या ज्यूरीने त्याला सोडलं, तर राज्यांना वेगळं होता येतं असंच त्या निकालातून निघेल. शेवटी सगळ्यांना माफी जाहीर झाली. गद्दारीसाठी फाशी एकालाही झाली नाही.

त्यांचं कारण गुलामगिरी होतं आणि ते कारण नीच होतं. आमचं कारण शबनम आहे. तिच्या क्लिनिकचं काम संपलं, राहण्याचा परवाना, इकामा, नव्या मालकाच्या, कफीलच्या नावावर व्हायला तीन आठवडे होते, होस्टेल रिकामं करावं लागलं. गावातून पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक माणसाला जी रूम उघडते, तिच्या दारातून नायब सदरांनी तिला परत पाठवलं. "नियमात बाई बसत नाही," असं म्हणाले. ती माझ्या खोलीत जमिनीवर झोपली. मी दोन्ही कारणांची बरोबरी करत नाही. फक्त शब्द तपासते आहे.

आता काम. २१ फेब्रुवारीला, रमजानच्या आधी, बैठक आहे. त्या दिवशी आमच्याबद्दलचा कागद सदराच्या सहीने गावाला जाईल. त्यावर 'गद्दारी' लिहिलंत, तर गावची जमात आमची अकरा घरं कापेल. इथे आम्हाला त्याने काही होणार नाही. अम्मी मात्र कातळखोलात एकटी राहते. कापलेल्या घराला लग्नाचं बोलावणं येत नाही आणि मयताला खांदा मिळत नाही. अब्बांच्या शेजारची जागा तिने सांगून ठेवली आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

तो शब्द लिहू नका. एवढंच मागते.

माणसांच्या यादीबद्दल जुनैदभाईने विचारलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती आता उघडते आहे.

चूक असेल तिथे खूण करा,
उमामा

रहीमा, शनिवार, १ फेब्रुवारी

चाचा,

जुनैदभाईने निरोप दिला. "अब्बांनी पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. मग म्हणाले, तिला एकच शब्द सांग, ममफर्ड. हा कोण? तुमच्यात असलं काय काय चालतं?"

मी शोधलं. विल्यम ममफर्ड, न्यू ऑर्लिअन्स, १८६२. नौदलाने शहरात लावलेला अमेरिकेचा झेंडा त्याने टांकसाळीवरून उतरवला. लष्करी न्यायालयाने त्याला गद्दार ठरवलं आणि त्याच टांकसाळीपुढे फाशी दिली.

मी 'एकालाही नाही' असं लिहिलं होतं. चूक. दुरुस्ती करते: एकाला झाली.

ते लष्करी न्यायालय होतं, ज्यूरी नव्हती, शहर तेव्हा पुरतं हातातही आलेलं नव्हतं. यावर मला वाद घालता येईल. पण तुम्ही हे नाव उगाच पाठवलेलं नाही. त्याचं राज्य सव्वा वर्षापूर्वीच वेगळं झालं होतं आणि वेगळं होणाऱ्या लाखो लोकांतल्या कुणालाही फाशी झाली नाही. त्याला झाली ती त्याने हाताने जे केलं त्याबद्दल.

हे लिहून मी मागचं वाक्य पुन्हा वाचलं.

यादीबद्दल लिहिते. ती मी तीन वर्षांपूर्वी बनवली. तीनशे बारा माणसं. प्रत्येकाचा इकामा नंबर, त्याची मुदत, इथल्या एका नातेवाइकाचा फोन, गावचा एक फोन. तुम्ही बैठकीत म्हणाला होतात की पूर्वी सदराच्या डोक्यात जे असायचं ते आता मुलीने मशीनमध्ये घातलं. आम्हा अकरा जणांच्या इकाम्याच्या प्रती त्यात होत्या. आम्ही बाहेर पडणार होतो, त्यामुळे त्या सुरक्षित करेपर्यंत यादी बंद ठेवणं गरजेचं होतं.

एवढंच.

उमामा

रहीमा, मंगळवार, ४ फेब्रुवारी

चाचा,

काल अम्मीचा फोन आला होता. जशी बोलली तशी लिहिते.

"तुझ्या चाचाचं गावात हसं झालंय गो. मुझम्मिल कामावर पडला तवा ती यादी उघडलीच नाय. शौकत म्हणे पासवर्ड का काय तो विसरला. जुबेदा माझ्या दारात येऊन बोलून गेली, म्हातारा झालाय, आता खुर्ची सोडायला सांगा."

मी विचारलं, "चाचा विसरले असं कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला. फोनचा आवाज मोठा करून जमातीत सगळ्यांनी ऐकलं. माझी चूक, म्हणाला. जुबेदाची माफी मागितली." मग म्हणाली, "शौकत? अन् विसरला? त्याला तुझ्या बारशाला कोण आला नव्हता ते अजून याद हाय. तू गप्प का गो?"

मी म्हटलं, रेंज जाते आहे.

मागच्या पत्रात मी 'एवढंच' लिहिलं. तेवढंच नव्हतं. आता क्रमाने लिहिते.

८ जानेवारी, बुधवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. बैठकीच्या दोन दिवस आधी. मी प्लँटवरच्या जेवणाच्या खोलीत बसून यादीचा पासवर्ड बदलला आणि तुमचा, जुनैदभाईचा, नायब सदरांचा, सगळ्यांचा प्रवेश बंद केला. आमच्या प्रती काढून घ्यायला चार मिनिटं पुरली असती. पासवर्ड बदलण्याचं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आम्ही गेल्यावर तुमचं अडावं, एवढंच मला हवं होतं. तीनशे बारा माणसं माझ्या हातात होती आणि ती तुम्हाला जाणवायला हवी होती.

१३ जानेवारीला मुझम्मिल मामू जुबैलच्या साइटवर चक्कर येऊन पडले. हॉस्पिटलने कंपनीला विचारलं, कंपनीने रूमवर विचारलं, रूमवर यादी उघडेना. ताइफला असलेल्या त्यांच्या भावाचा नंबर त्या यादीत होता. त्यांच्या बायकोचा, जुबेदाखालांचाही होता. त्यांना सव्वीस तासांनी कळलं, आणि तेही एका अनोळखी माणसाकडून. मामू वाचले, त्यात माझा काही हात नाही. मला हे १७ तारखेला जुनैदभाईकडून कळलं. त्याने फोन ठेवला आणि मी एका मिनिटात जुना पासवर्ड परत घातला. कुणाला सांगितलं नाही.

खात्याला जोडलेला नंबर तुमचा होता. पासवर्ड बदलला की तुमच्या फोनवर सूचना येते, तारीख आणि वेळेसकट, कुणाच्या फोनवरून बदलला तेही त्यात असतं. हे मला माहीत होतं. मी फक्त असं धरून चालले की चाचांना त्या सूचनेचा अर्थ कळणार नाही. तुमच्याबद्दल मी आजवर केलेला हा सगळ्यात हलका विचार आहे.

तुम्हाला कळला होता. १० तारखेला ते वाक्य म्हणताना तुम्ही शबनमकडे पाहत नव्हतात. खोलीत अकरा जण उभे होते आणि तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. आम्ही जिने उतरलो, मागून कुणीतरी यादी उघडत नाही म्हणालं, आणि तुम्ही सांगितलंत की पासवर्ड तुम्ही चुकीचा टाकलात. मामू पडल्यावर तेच गावाला सांगितलंत. एकाच कृत्याचे दोन साक्षीदार लागतात. इथे एकच होता, आणि तो आरोपीच्या जागी जाऊन बसला.

मी तुम्हाला गद्दारीची व्याख्या शिकवत होते, आणि तुम्ही तीन आठवडे गप्प होतात.

आभार कसे मानायचे याची मला सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. प्रयत्न करते. तुम्ही जे केलंत ते मी मागितलं नव्हतं, आणि मागितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं. त्याची किंमत मला कळते आहे.

मुझम्मिल मामूंना भेटायला मी शुक्रवारी जुबैलला जाते आहे.

उमामा

रहीमा, बुधवार, १२ फेब्रुवारी

चाचा,

मामूंना भेटले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "बैठकीत सांगणार, का फक्त मलाच?" मी म्हटलं, बैठकीत. ते म्हणाले, "मग तिथेच बघू," आणि मला संत्रं सोलायला दिलं.

तुमचा निरोप जुनैदभाईने आणला. या वेळी त्याने एकही विनोद केला नाही. "अब्बा म्हणाले, यादीचा विषय खलास. बैठकीत तोंड उघडायचं नाही."

मी विचारलं, "आणि कागद?"

"सदर खोटं बोलला, आता त्याच्या सहीला अर्थ नाही, असं म्हणतात. बैठक सुरू होतानाच खुर्ची सोडणार आहेत. मग कागद नायब सदर लिहिणार. तो काय लिहील ते मी सांगायला नको. दोन्ही हातांनी लिहील." आणि मग, "उमामा, तू काहीतरी कर. माझं ते ऐकत नाहीत, मी फक्त मुलगा आहे."

तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात, आणि त्या खोट्यामुळे अम्मीला वाचवता येत नाही. असं मला दिसतं. दिसण्यात चूक असेल तर सांगा.

घटनेच्या त्या कलमात दुसरी वाट आहे: खुल्या न्यायालयात कबुली. मी ती घेणार आहे. तुम्ही मनाई केली आहे, तरीही. माझी एकच मागणी आहे. खुर्ची बैठकीच्या सुरुवातीला सोडू नका. माझी पाच मिनिटं होईपर्यंत बसा. त्यानंतर तुमचा निर्णय.

आणखी एक. ज्या प्रकरणात त्यांच्या सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या वेगळं होण्याबद्दल निकाल दिला, ते मी या आठवड्यात पूर्ण वाचलं. १८६९, टेक्सास विरुद्ध व्हाइट. कोर्ट म्हणालं की टेक्सास कधी बाहेर पडलंच नव्हतं. त्याने केलेला ठराव पोकळ होता. म्हणजे मी पहिल्या पत्रात जितकी ठाम होते, तितका कायदा माझ्या बाजूने नाही. वेगळं होणं गद्दारी ठरलं नाही, पण एकतर्फी वेगळं होणं खरंही ठरलं नाही. मात्र त्याच निकालात कोर्टाने दोन अपवाद ठेवले आहेत: क्रांती, किंवा बाकीच्या राज्यांची संमती.

संमती हा शब्द वाचला आणि मला रूम आठवली.

जुन्या लोकांनी ही रीत मुंबईहून, जहाजावरच्या लोकांच्या कुडीतून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीतून आणली असं तुम्हीच सांगितलं होतंत. माणूस रूमवर येतो, महिना, सहा महिने राहतो, स्वतःची सोय झाली की निघतो. निघताना सदरासमोर उभं राहून म्हणतो, "रजा द्या." सदर सगळ्यांना विचारतो. रजा मिळाली की जाणारा माणूस रूमवरच्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजतो. ज्याच्या हातचा चहा प्यायला, त्याच्याबद्दल मागे वाईट बोलायचं नाही. चाळीस वर्षांत कुणी रजा न घेता रूम सोडली नव्हती. आम्ही सोडली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून अकरा जण एका मिनिटात बाहेर पडलो आणि मग दाराशी येऊन निर्णय कळवला. आम्हाला वाटलं रजा पुरुषांसाठी आहे, कारण रूम पुरुषांसाठी आहे. मी तर ही रीत कधी हिशेबातच धरली नव्हती. बाकीच्या दहांना विचारलं, त्यांनाही सुचलं नव्हतं.

आम्ही परत येणार नाही, चाचा. बायकांसाठी फ्लॅट हवाच आहे, खोबरमध्ये पाहिला आहे, शबनम तिथे राहायलाही गेली. पण आम्हाला रजा मागायची आहे. अकरा जणांच्या वतीने मी मागेन. मिळाली तर चहा मीच करेन. शबनमने हे ऐकून विचारलं, "तू? चहा? मग त्यांना रजा आपल्याला द्यायची का नाही याचा फेरविचार करू दे."

पाच मिनिटं बसा.

उमामा

रहीमा, शनिवार, २२ फेब्रुवारी

शौकत चाचांना सलाम.

काल तुम्ही तिथेच होतात, तरी काही गोष्टी तुम्हाला दिसल्या नसतील. त्या सांगण्यासाठी लिहिते. बाकीचं नोंद म्हणून.

मी चार मिनिटं बोलले. तारखा, वेळा, सव्वीस तास. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. मी संपवल्यावर नायब सदर उठले. "ऐकलंत? हिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. याला गद्दारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

मुझम्मिल मामू काठीवर जोर देऊन उठायला लागले. जुनैदभाईने बसा म्हटलं, तर त्याच्यावरच ओरडले. "पडला कोण? मी. मग फिर्याद कोणाची? माझी. जुबेदाला एक दिवस उशिरा कळलं, खरं हाय. मला त्याचा राग हाय, तिलाही हाय. पोरगी जुबैलला आली तवा मी तिला माफ केलेलं नाय. आज करतो, कारण आज ती सगळ्यांसमोर बोलली." मग नायब सदरांकडे वळले. "आता दुसरी कबुली. त्या शबनमला या दारातून कोणी परत पाठवलं? तेही सगळ्यांसमोर बोला. आपल्या गावची पोर, बॅग घेऊन उभी होती."

नायब सदर खाली बसले.

मग तुम्ही म्हणालात, "रजा मागितली आहे. हात वर करा." एकवीस हात होते. विरोधात नऊ, चार माणसं गप्प. तुम्ही तिथेच कागद लिहिलात, सही केलीत आणि मोठ्याने वाचलात: "कातळखोलच्या अकरा जणांनी जमातीकडे रजा मागितली. जमातीने दिली." शाईचं पेन बंद करून तुम्ही उठलात. "सदर जमातीशी खोटं बोलला, ही वेगळी बाब आहे. त्याला रजा लागत नाही, त्याने नुसतं उठायचं असतं." आणि पाठीमागच्या रांगेत, ब्लँकेटांच्या ढिगाशेजारी जाऊन बसलात. मामूंनी बसा म्हटलं, जुनैदभाईने म्हटलं. मी म्हटलं नाही. मी म्हटलं असतं तर तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं, आणि मला तेव्हा ते झेपलं नसतं.

स्वयंपाकघरातलं तुम्हाला माहीत नाही. मोठं पातेलं कुठे असतं ते मला कुणी सांगितलं नाही, कारण तिथे कधी बाई उभी राहिलीच नव्हती. चौतीस कप पाणी मी मोजून घातलं, पावडरही मोजून. दूध उतू गेलं. नायब सदर कप ठेवायच्या निमित्ताने आत आले आणि म्हणाले, "वेलची वरच्या डब्यात आहे." एवढंच बोलून गेले. त्यांनी विरोधात हात वर केला होता. अर्धा कप प्यायले. मी पाहिलं. मामू बाहेरून ओरडले, "साखर कमी हाय, इंजिनियर!"

जिन्यात शबनम तुम्हाला म्हणाली, "चाचा, आता तुम्हीच आमच्याकडे या. आमच्या शाखेत सदर व्हा." तुम्ही तिला म्हणालात, "तू वेगळी झालीस म्हणून मी का वेगळा होऊ? मी जमातीचा माणूस आहे. तुमच्याकडे पाहुणा म्हणून येईन, बिर्याणी करा." ती रागावली नाही. मलाही हेच उत्तर हवं होतं. मी चुकले तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात आणि मी बरोबर होते तेव्हाही माझ्या बाजूला आला नाहीत. दोन्हीसाठी मी तुमची ऋणी आहे, आणि दुसऱ्यासाठी अधिक.

यादीचा ताबा मी जुनैदभाईला दिला. दोन तास बसून शिकवलं. आता पासवर्ड बदलायला दोन माणसं लागतील, मी तशीच रचना केली आहे.

आज संध्याकाळी अम्मीचा फोन आला. कागद गावात वाचला गेला. जुबेदाखाला तिच्याकडे येऊन बसल्या, आधी माझ्याबद्दल वाटेल ते बोलल्या, मग दुपारी जेवूनच गेल्या. अम्मी म्हणाली, "बोलू दे गो. बोलायला का होईना, दारात आली."

जुनैदभाईला आज पहाटेची ड्यूटी होती, म्हणून काल बैठकीनंतर हुफूफपर्यंत तुम्हाला मी सोडलं. तुम्ही म्हणालात की तुम्ही बसने जाल. मी म्हटलं, "यल्ला, बसा." तुम्ही पट्टा लावलात, सूर्य डोळ्यावर येतो म्हणून समोरची झडप खाली ओढलीत, आणि दम्माम सुटायच्या आत झोपलात. तुम्हाला आठवत नसेल. तोंड किंचित उघडं होतं. पंचवीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस असा झोपतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दीडशे किलोमीटर मी गाडी शंभराच्या वर नेली नाही. रेडिओ लावला नाही. तुमची मान खिडकीकडे कलायला लागली तेव्हा माझी बॅग मधे सरकवली. अबकैकच्या पुढे उंट ओलांडतात त्या पट्ट्यात रस्ता रिकामा होता. तिथे मी एक वाक्य मोठ्याने म्हटलं. तुम्ही झोपेत होतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी म्हटलं, "चाचा, अब्बा गेल्यावर मला बाप नाही असं मला एक दिवसही वाटलं नाही."

पुढे एक ट्रक होता. मी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

उमामा